तपासणीला उतरेल अशी दूध नोंद

४ ऑगस्ट २०२२ रोजी रावेर तालुक्यातल्या चिनावल गावात जनावरांना लंपी त्वचारोग झाल्याचं आढळलं आणि त्या वर्षीच्या महाराष्ट्रातल्या साथीची पहिली नोंद या गावाच्या नावावर पडली. चिनावल हे गुरांच्या बाजाराचं गाव असलेल्या सावद्याच्या शेजारचंच. पुढच्या काही आठवड्यांत गुरांचे बाजार बंद झाले, लसीकरणाची पथकं गावोगाव फिरू लागली आणि ज्या गोठ्यात गाय आजारली तिथलं दूध आटलं.

किती आटलं, हे मात्र सांगणं अवघड. डेअरीच्या पावतीवर घरचं सगळं दूध एकत्र असतं. पाच गायींचं मिळून सकाळी बावीस लिटर, फॅट ३.८, एवढंच तिथे दिसतं. त्यातली कोणती गाय आजारात निम्म्यावर आली, कोणती महिन्याभरात सावरली आणि कोणती त्या वेतात पुन्हा वर चढलीच नाही, हे पावतीतून निघत नाही. त्यासाठी जनावरागणिक, ठरावीक अंतराने, दोन्ही वेळच्या धारेचं वजन करून लिहिलेली नोंद लागते. तिलाच दूध नोंदणी किंवा मिल्क रेकॉर्डिंग म्हणतात. पावती घराची असते, नोंद जनावराची.

वही घातली की काम झालं, असं मात्र नाही. अंदाजाने भरलेली वही कोऱ्या वहीपेक्षा जास्त नुकसान करते. कोरी वही असली तर माणूस निदान सावध राहून निर्णय घेतो. चुकीचे आकडे असले तर खात्रीने चुकीची गाय विकतो, चुकीच्या म्हशीला जास्त सरकी ढेप घालतो आणि चुकीच्या वळूची रेतमात्रा पुन्हा मागवतो.

सावद्याला हा विषय दुप्पट लागू पडतो. बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरच्या या गावाचा गुरांचा बाजार खानदेशात माहितीचा आहे. म्हैस विकत घेताना बोली दुधावर होते: दुसऱ्या वेताची, दोन टाइमचं चौदा लिटर. त्या चौदा लिटरमागे पुरावा काय? फार तर बाजारात किंवा विकणाऱ्याच्या दारात काढून दाखवलेली एक धार. एक-दोन वेळची धार चुकवून कास तुंबवायची आणि मग गिऱ्हाईकासमोर बादली भरून दाखवायची, ही युक्ती गुरांच्या कोणत्याही बाजारात जुनीच. जाणकार घेणारा लागोपाठ तीन-चार धारा समोर काढायला लावतो, ते योग्यच. पण तेवढ्याने फक्त आजचं दूध कळतं. म्हैस किती महिने दूध टिकवते आणि मागच्या वेतात एकूण किती दिलं, हे सांगायला महिनावार नोंदच हवी, आणि ती विकणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून नसलेली हवी.

प्रमाणपत्र कशाचं असतं?

इथल्या केळी बागायतदाराला प्रमाणपत्राचा व्यवहार नवा नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. परदेशी माल पाठवताना खरेदीदार घडाच्या दिसण्यावर थांबत नाही. कोणत्या शेतातला माल, कोणती फवारणी कधी झाली, याचे कागद मागतो. दुधाच्या नोंदीचंही असंच आहे.

दूध नोंदणीच्या कामाची सुरुवात डेन्मार्कमध्ये झाली. १८९५ साली वायेन या गावातल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एक माणूस नेमला. तो आळीपाळीने प्रत्येक गोठ्यात जायचा, एकेका गायीचं दूध मोजायचा आणि फॅट तपासायचा. मोजणारा माणूस गोठ्याच्या मालकाचा नव्हता, ही त्यातली मोलाची गोष्ट. पुढे युरोपातल्या देशांनी आपापल्या पद्धती एका मापात आणण्यासाठी १९५१ मध्ये रोम इथे समिती स्थापन केली. तीच आजची इंटरनॅशनल कमिटी फॉर ॲनिमल रेकॉर्डिंग, थोडक्यात आयकार. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेचं इंग्रजी लघुरूपही तेच आहे, पण या दोन्ही संस्था वेगळ्या. आयकारची पद्धत मोठ्या युरोपीय गोठ्यांवर बेतलेली होती. दोन-चार जनावरांच्या गोठ्यांचं काय, या प्रश्नावर ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजरातेत आणंद इथे आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली होती. खानदेशातला बहुतेक पशुपालक याच दुसऱ्या गटातला आहे.

आयकार जे गुणवत्ता प्रमाणपत्र देते ते नोंदणी करणाऱ्या संस्थेला मिळतं. गायीला, म्हशीला, गोठ्याला किंवा दुधाला ते मिळत नाही. जनावराची ओळख, दुधाचं वजन, नमुना, प्रयोगशाळा, वेताच्या दुधाचा हिशेब आणि आकडे जपून ठेवण्याची रीत हे सगळं मार्गदर्शक नियमांप्रमाणे चालतं, एवढंच ते सांगतं. ते देण्याआधी बाहेरचा तपासनीस संस्थेची कागदपत्रं पाहतो आणि प्रत्यक्ष जाऊन काम तपासतो. त्याची मुदत संपली की पुन्हा तपासणी होते. त्यामुळे ‘प्रमाणित दुधाची म्हैस’ अशी जाहिरात दिसली तर घेणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत: कुणी मोजलं, किती वेळा मोजलं आणि मूळ नोंद कुठे पाहायला मिळेल?

‘कुणी मोजलं’ हे आयकारच्या पद्धतीत उघडपणे लिहावं लागतं. संस्थेच्या माणसाने मोजलं तर ती ‘ए’ पद्धत, शेतकऱ्याने किंवा त्याच्या माणसाने मोजलं तर ‘बी’ आणि दोघांनी मिळून मोजलं तर ‘सी’. शेतकऱ्याने स्वतः मोजलेल्या आकड्याला नियमांत जागा आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. अट एवढीच की तो कुणी मोजला हे लपवायचं नाही. दर चार आठवड्यांनी मोजायचं ठरलं असेल तर दोन नोंदींत किमान २२ आणि जास्तीत जास्त ३७ दिवसांचं अंतर चालतं आणि वर्षात निदान अकरा वेळा मोजावं लागतं. सावद्याच्या पशुपालकाला उद्या कुणी आयकारचं प्रमाणपत्र देणार नाही. पण हीच शिस्त पाळून वही ठेवली तर ती कोणत्याही तपासणीत टिकते, आणि त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आधी नंबर, मग दूध

नोंदीतली सगळ्यात महाग चूक वजनाची नसते. ती ओळखीची असते. आकडा बरोबर पण जनावर दुसरं, असं झालं की पुढचा सगळा हिशेब वाया जातो.

जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला बारा अंकी असतो. तो नंबर आधी ‘इनाफ’ या संगणकीय प्रणालीत जायचा, आता ‘भारत पशुधन’मध्ये जातो. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई करण्यात आली. त्याच वर्षी गायीच्या दुधाचं शासकीय अनुदान देतानाही बिल्ल्यांच्या नोंदीची अट होती. म्हणजे बिल्ला बहुतेकांच्या गोठ्यात पोचला आहे. वहीत मात्र अजून ‘मोठी’, ‘काळी’, ‘शिंगतुटकी’ अशीच नावं चालतात. घरात तेवढी ओळख पुरते. म्हैस विकली, सालदार बदलला किंवा वही मुलाच्या हाती गेली की ती पुरत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर पूर्ण बारा अंक लिहावेत. रोजच्या कामासाठी शेवटचे चार अंक दावणीच्या वरच्या भिंतीवर रंगवले तरी चालतात. बिल्ला तुटून पडला तर नव्या नंबरच्या शेजारी जुना नंबर आणि बदलल्याची तारीख लिहावी, प्रणालीतही तो जोडून घ्यावा. नाहीतर कागदोपत्री जुनी म्हैस नाहीशी होते आणि तिच्या जागी इतिहास नसलेली नवी म्हैस उभी राहते. विम्याचा दावा अडकतो तोही बऱ्याचदा इथेच.

वासराच्या बापाची नोंदही इतकीच महत्त्वाची. रेतनाची तारीख आणि रेतमात्रेवरचा वळूचा नंबर त्याच दिवशी लिहून घ्यावा. व्यायल्यावर दिवस मोजावेत: गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० दिवसांच्या आसपास. चार-आठ दिवस इकडेतिकडे होतातच. तीन आठवड्यांचा फरक निघाला तर मात्र नोंदवलेल्या रेतनाने गर्भ धरलाच नसावा, गाय किंवा म्हैस मधल्या माजात दुसऱ्या रेतनाने किंवा गावातल्या रेड्याने-वळूने गाभण राहिली असावी, असा संशय घ्यावा. अशा कालवडीच्या किंवा वगारीच्या नावापुढे ‘बाप नक्की नाही’ असं लिहायला लाजू नये. खोट्या बापापेक्षा मोकळी जागा कितीतरी बरी.

काटा, किलो आणि फेस

बाजारात दूध लिटरमध्ये बोललं जातं, नोंदीत ते किलोत लिहावं. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. म्हणजे दहा लिटर आणि दहा किलो यांत तीनशे ग्रॅमचा फरक आहे. एका महिन्यात लिटर आणि दुसऱ्या महिन्यात किलो असं वहीत मिसळलं की म्हशीचं दूध काही न होता तीन टक्के वाढल्यासारखं किंवा घटल्यासारखं दिसतं. माप भरून मोजण्यात आणखी एक घोळ असतो, फेसाचा. ताज्या धारेवरचा फेस मापात जागा खातो. वजनात त्याने काही बिघडत नाही.

दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा लटकता डिजिटल काटा या कामाला पुरतो. शंभर ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणारा काटा कमी दुधाच्या जनावरावर अन्याय करतो. बादलीचं रिकामं वजन दर वेळी वजा करायचं, आणि तेही अंदाजाने नव्हे: त्याच दिवशी, त्याच बादलीचं, आतून पाणी निथळल्यावर. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, तो शिक्का पाहावा. शिवाय नोंदीच्या दिवशी धार काढण्याआधी किराणा दुकानातलं शिक्क्याचं पाच किलोचं वजन काट्याला लावून पाहावं आणि दिसलेला आकडा वहीत तारखेसह लिहावा. बाहेरचा तपासनीस आला तर सगळ्यात आधी हेच पान उघडेल.

काट्याच्या चुकीचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचा परिणाम वेगळा होतो. काटा सगळ्यांनाच दोनशे ग्रॅम कमी दाखवत असेल तर त्या गोठ्यातल्या चार म्हशींचा आपसातला क्रम बिघडत नाही, फक्त एकूण दूध कमी दिसतं. एका लाडक्या म्हशीला मात्र ‘आज थोडं कमीच दिलं तिने’ म्हणून अर्धा किलो वाढवून लिहिलं तर क्रमच मोडतो. पहिली चूक काटा तपासून निघते. दुसरी कोणत्याही यंत्राने निघत नाही.

चोवीस तासांचं दूध

नोंदीचा दिवस म्हणजे पूर्ण चोवीस तास. सकाळचं मोजून दुप्पट करणं हा सर्रास चालणारा आणि चुकीचा मार्ग. पहाटे पाचला आणि दुपारी चारला धार काढणाऱ्या गोठ्यात रात्रीचं अंतर तेरा तासांचं आणि दिवसाचं अकरा तासांचं असतं. म्हणून सकाळी दूध जास्त उतरतं, संध्याकाळी कमी. समजा एका म्हशीने सकाळी ६ किलो आणि संध्याकाळी ४.४ किलो दिलं. खरा आकडा १०.४. सकाळचं दुप्पट केलं तर १२. रोजचा हा १.६ किलोचा फुगवटा ३०५ दिवसांच्या वेताला लावला तर जवळजवळ ४९० किलो दूध कागदावर आपोआप तयार होतं.

आदल्या दिवशीची शेवटची धार किती वाजता आणि पूर्ण निघाली का, हेही लिहावं. ती चुकली असेल तर दुसऱ्या सकाळचा आकडा तुंबलेल्या कासेचा असतो. नोंदीच्या दिवसासाठी खास ढेप वाढवू नये आणि तारीख चांगली पाहून पुढे-मागे करू नये. नोंद करणाऱ्याने आपण येणार ते आदल्या संध्याकाळीच कळवावं, आठवडाभर आधी नव्हे.

पारडू लावून दूध काढण्याची रीत खानदेशात घरोघरी आहे. पान्हा सोडवण्यापुरतं पारडू पाजलं तर थोडं दूध नोंदीबाहेर जाणारच. ते अंदाजाने मिळवू नये. सगळ्या नोंदींच्या दिवशी रीत सारखी ठेवावी आणि ‘पारडू लावून’ असा शेरा लिहावा. एक सड पारडासाठी राखला असेल तर तेही लिहावं. पारडू मेलं आणि म्हैस पान्हा चोरू लागली तर नोंद तिथून खाली येते, त्याचं कारण शेजारी हवं. ऑक्सिटोसिन टोचून काढलेलं दूध मात्र नोंदीत धरायचं नाही. दूध उतरवण्यासाठी जनावराला असं इंजेक्शन देणं कायद्यानेही गुन्हा आहे.

व्यायल्यानंतरचे पहिले चार दिवस चिकाचे. पाचव्या दिवसापासून पुढे पहिली नोंद घ्यावी आणि ती महिना उलटेपर्यंत लांबवू नये. दूध व्यायल्यावर काही आठवडे चढतं आणि मग उतरू लागतं. चढाचा भाग हुकला तर पुढे तो कुठूनही भरून काढता येत नाही.

आजारी जनावराचा आकडा खोडायचा नाही. कासदाह, लंपी, ताप, उन्हाचा तडाखा, जे असेल ते समोर लिहायचं. लंपीच्या साथीत ज्यांच्या वहीत जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशा तीन महिन्यांच्या नोंदी शेऱ्यांसह असतील त्यांना प्रत्येक गायीचं नुकसान किलोत दाखवता येतं. रिकामी जागा आणि शून्य यांतही फरक करावा. शून्य म्हणजे मोजलं आणि दूध नव्हतं. मोजलंच नाही तर जागा कोरी सोडून ‘नोंद नाही’ असं लिहावं. मागच्या महिन्याचा आकडा उतरवून ती भरणं ही नोंदणीतली सगळ्यात साधी दिसणारी बनवाबनवी आहे.

नमुना

फॅटचा नमुना घेताना चूक बादलीतच होते. धारेच्या सुरुवातीच्या दुधात फॅट फार कमी आणि शेवटच्या धारेत कितीतरी जास्त असतं. म्हणून सगळी धार संपल्यावर, दूध एका बादलीतून दुसऱ्या बादलीत दोनदा ओतून किंवा खोल पळीने तळापासून ढवळून मगच नमुना घ्यावा. सडाखाली बाटली धरून घेतलेला नमुना त्या म्हशीबद्दल काहीच सांगत नाही. सकाळ-संध्याकाळचा मिळून एकच नमुना करायचा तर दुधाच्या प्रमाणात करावा. वरच्या ६ आणि ४.४ किलोच्या उदाहरणात चाळीस मिलीच्या बाटलीत २३ मिली सकाळचं आणि १७ मिली संध्याकाळचं.

मे महिन्यात रावेर-यावल पट्ट्यात पारा ४५ अंशांकडे जातो. मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेला नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत फाटतो किंवा त्यावर लोण्याचा थर धरतो आणि यंत्र भलताच आकडा दाखवतं. बर्फाची पेटी किंवा बाटलीत ब्रोनोपॉलची गोळी, यांपैकी एक हवंच. परिरक्षक घातलेली बाटली चहाच्या दुधाजवळ ठेवू नये, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवावं.

संकलन केंद्रावरचं अल्ट्रासाउंडवर चालणारं यंत्र झटपट आकडा देतं, पण ते स्वच्छ आणि जुळवलेलं असेल तरच. गायीच्या दुधावर जुळवलेल्या यंत्रात म्हशीचं दूध घातलं तर आकडा घसरतो. त्यावर उपाय जुना आणि खात्रीचा आहे: गर्बर पद्धत. ब्युटिरोमीटरमध्ये १० मिली गंधकाम्ल, १०.७५ मिली दूध आणि १ मिली अमाइल अल्कोहोल घालून यंत्रात फिरवायचं आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून फॅटचा स्तंभ वाचायचा. हे काम प्रयोगशाळेतल्या सरावाच्या माणसाने करावं, अंगणात करायचं नाही. महिन्यातून काही नमुने दोन्ही पद्धतींनी तपासून घेतले की यंत्र किती चुकतं ते कळतं.

वही स्वतःच बोलते

तपासनीस गोठ्यात न जाताही वहीतून बरंच ओळखतो. सगळे आकडे ५, ५.५, ६, ६.५ असेच असतील तर काटा वापरलेला नाही, नजरेने लिहिलंय. खऱ्या काट्यावरचे आकडे ५.३७, ६.१२ असे ओबडधोबड येतात. सकाळ आणि संध्याकाळचा आकडा दर महिन्याला सारखाच असेल तर एकच धार मोजली गेली आहे. सगळी पानं एकाच पेनाने, एकाच हाताच्या ओघात लिहिलेली असतील तर वही एका बैठकीत तयार झालेली असण्याची शक्यता मोठी. म्हणून वही शेणाच्या डागांची, घाईच्या अक्षरातली असली तरी मूळचीच जपावी, सुंदर अक्षरात उतरवून घेतलेली नव्हे. चुकलेला आकडा एका रेघेने खोडावा, खालचं वाचता आलं पाहिजे; शेजारी नवा आकडा आणि सही.

आकड्यांना मर्यादाही लावतात. गायीच्या दुधात फॅट दीड टक्क्याहून कमी किंवा नऊहून जास्त दिसलं तर आयकारच्या नियमांत ती नोंद शंकास्पद ठरते. म्हशीला हीच चौकट लावून चालणार नाही. वेताच्या शेवटी तिचं फॅट खरोखरच वर जातं. गायीसाठी बनवलेलं ॲप म्हशीचा खरा आकडा ‘चूक’ म्हणून परत पाठवत असेल तर आकडा बदलू नये, मर्यादा बदलून घ्यावी.

घरच्या घरी होणारी सगळ्यात चांगली पडताळणी मात्र डेअरीच्या पावतीनेच होते. समजा नोंदीच्या दिवशी चार म्हशींचं दूध मिळून ३१.२ किलो लिहिलंय. डेअरीच्या दोन्ही वेळच्या पावत्यांची बेरीज २८.१ लिटर, घरी ठेवलं दोन लिटर. एकूण ३०.१ लिटर, म्हणजे ३१ किलो. दोनशे ग्रॅमचा फरक सांडण्या-लवंडण्यात जातो, नोंद पटण्यासारखी आहे. वहीत ३६ किलो असतं तर पाच किलो दूध कुठे गेलं ते विचारावं लागलं असतं. ज्यांचा रतीब आहे त्यांनी रतिबाचा हिशेब त्या दिवसापुरता तरी अचूक लिहावा.

वेताचा हिशेब

महिन्यातून एकदा मोजून वेताचं दूध कसं काढायचं? लागोपाठच्या दोन नोंदींची सरासरी घ्यायची आणि मधल्या दिवसांनी गुणायची. १०.४ आणि ९.६ किलो या दोन नोंदींत ३० दिवसांचं अंतर असेल तर सरासरी १०, म्हणजे त्या महिन्याचं दूध ३०० किलो. व्यायल्यापासून पहिल्या नोंदीपर्यंतच्या दिवसांना पहिला आकडा लावायचा, शेवटच्या नोंदीपासून आटवण्याच्या दिवसापर्यंत शेवटचा. सगळ्यांची बेरीज म्हणजे वेताचं दूध; तुलनेसाठी ते ३०५ दिवसांपर्यंतच धरतात. यासाठी आटवण्याची तारीख हवी, आणि वहीत ती हमखास राहून जाते. दोनशे चाळीस दिवसांत आटलेल्या म्हशीला ३०५ दिवसांचं दूध लावलं तर ती गोठ्यातली पहिली ठरू शकते.

एकट्याने ठेवलेली वही घरच्या निर्णयाला पुरते. बाजारात किंवा पैदाशीत तिला वजन यायचं असेल तर दहा-बारा गोठ्यांनी एकत्र यावं. दूध सोसायटी हे त्याचं सोयीचं ठिकाण आहे. मोजायला गावातलाच तरुण चालेल, पण त्याचं स्वतःचं जनावर त्या यादीत नसावं आणि मोबदला नोंदीगणिक ठरलेला असावा, दुधाच्या आकड्याशी त्याचा संबंध नको. दर महिन्याला यादीतला एखादा गोठा चिठ्ठी टाकून निवडावा आणि दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या माणसाने तिथे पुन्हा मोजावं. दिवसागणिक थोडा फरक पडतोच. किती फरक चालेल ते आधी ठरवून कागदावर लिहावं, नंतर माणूस पाहून नव्हे. फरक त्यापलीकडे गेला तर त्या गोठ्याची त्या महिन्याची नोंद बाद करावी, पाटलांचा गोठा असो की सोसायटीच्या अध्यक्षांचा.

ही कडकपणाची मागणी वाटेल, पण तिच्यामागे मोठं कारण आहे. वळू चांगला की वाईट हे त्याच्या अनेक गोठ्यांतल्या लेकींच्या दुधावरून ठरतं. राष्ट्रीय डेअरी योजनेत पंढरपुरी म्हशीसाठी वंशावळीवर आधारित निवडीचं काम झालं ते गावागावांतल्या अशाच नोंदींच्या बळावर. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम इथे पंतप्रधानांच्या हस्ते गायींसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ यांचं लोकार्पण झालं. या चिपमुळे वासराच्या रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यातून त्याची दूध देण्याची आनुवंशिक क्षमता लहानपणीच अजमावता येते. पण कोणत्या जनुकीय खुणेला किती दूध जोडायचं हे चिपला हजारो जनावरांच्या मोजलेल्या दुधावरूनच शिकवावं लागतं. तिथे सकाळचं दुप्पट केलेलं दूध आणि चुकीचा बाप गेला तर महागडी प्रयोगशाळा तीच चूक पुढच्या पिढीला लावते.

सुरुवात करायला पावसाळ्यानंतरचा काळ बरा, कारण म्हशी तेव्हा जास्त वितात आणि वेताची नोंद पहिल्या आठवड्यापासून मिळते. खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये लागते. दूध उतरलेलं असतं, केळीच्या बागेला पाणी देण्याची घाई असते आणि ‘या महिन्यात राहू दे’ असं म्हणावंसं वाटतं. ती एक नोंद गाळली तर दोन नोंदींतलं अंतर साठ दिवसांचं होतं, ३७ दिवसांची मर्यादा ओलांडली जाते आणि मधल्या उतरणीचा अंदाज चुकतो. शिवाय उन्हाळ्यात सावली, पाणी आणि हिरवा चारा सारखाच असताना कोणती म्हैस दहावरून आठवर थांबली आणि कोणती पाचवर आली, हे त्याच नोंदीतून कळतं. पुढच्या वर्षी कोणत्या म्हशीची वगार गोठ्यात ठेवायची ते ठरवताना मे महिन्याचं पान आधी उघडावं.